कोऱ्या पट्टीवरचा हात

फ्रेमच्या दुकानात शिरले की समोरच्या भिंतीवर पट्ट्यांच्या कोपऱ्यांचे नमुने रांगेने लावलेले दिसतात. सोनेरी, काळे, शिसवी रंगाचे, कोरीवकामाचा आभास असलेले, पांढऱ्यावर सोनेरी रेघ ओढलेले. गिऱ्हाईक चित्र घेऊन येते, दोन-चार नमुने त्याच्या कडेला धरून पाहते, एकावर बोट ठेवते आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम घरी नेते. या व्यवहारात चौकटीच्या रंगाचा निर्णय चित्रकाराने घेतलेला नसतो, घरमालकाने नसतो आणि फ्रेमवाल्यानेही नसतो. तो कारखान्यात, त्या चित्राचा कोणाला पत्ताही नसताना, होऊन गेलेला असतो. आपल्या वाट्याला उरते ते त्यातल्या त्यात बरे काय ते निवडणे.

तो निर्णय पुन्हा कारागिराच्या हाती यावा यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्याचा विषय कोरी पट्टी. यंत्रावर किंवा गलत्याच्या रंध्याने कंगोरे पाडलेली, मागच्या अंगाला काच आणि चित्र बसण्यासाठी खाच घेतलेली, पण वरून रंग, पॉलिश, वर्ख यांपैकी काहीही न लागलेली लाकडाची पट्टी. इटली-इंग्लंडमधल्या फ्रेमवाल्यांकडे अशा पट्ट्या आयूस, ट्यूलिपवुड, ओक, अ‍ॅश अशा लाकडांत गठ्ठ्याने मिळतात. आपल्याकडे त्या सुताराकडून किंवा मोल्डिंगच्या कारखान्यातून काढून घ्याव्या लागतात. त्या मिळवणे अवघड नाही. त्यांच्यावर पुढे काय करायचे हे सांगणारे मराठीत फारसे काही नाही, आणि जे आहे ते कारागिरांच्या बोटांत आहे, कागदावर नाही.

कोऱ्या पट्टीचा खरा फायदा समजून घ्यायचा तर चौकटीचा कोपरा पाहावा. तयार पट्टी आधी रंगवलेली असते आणि मग पंचेचाळीस अंशांत कापली जाते. करवत कितीही धारदार असली तरी कापाच्या कडेला रंगाचा, वर्खाचा अगदी बारीक कपचा निघतो. दोन तुकडे जोडले की कोपऱ्यातून एक फिकट रेघ तिरपी जाते. फ्रेमवाला त्या रेघेवर मेणाची कांडी घासतो किंवा मार्कर फिरवतो आणि काम पुढे सरकते. पट्टीवर वेलबुट्टीचा नक्षीपट्टा असेल तर आणखी पंचाईत: वेल कोपऱ्यात येऊन अर्धवट तुटते आणि पलीकडे भलत्याच पानापासून सुरू होते. कोऱ्या पट्टीत क्रम उलटा असतो. आधी चौकट जोडायची, कोपरे साफ करायचे, आणि मग संपूर्ण चौकटीवर एकदम रंग, पॉलिश किंवा वर्ख चढवायचा. असे केले की कोपऱ्यावरून रंग अखंड फिरतो. वर खडूचे अस्तर असेल तर सांधा पूर्ण नाहीसा होतो. लाकूड उघडे ठेवले असेल तर रेषांची दिशा वळलेली दिसते, ती दिसलीच पाहिजे, पण फट किंवा पांढरी रेघ दिसत नाही. चार तुकडे जोडून केलेली वस्तू आणि एक वस्तू यांतला फरक हा असा कोपऱ्यात असतो.

इथे लाकडाच्या स्वभावाबद्दल बोलले पाहिजे, कारण कोपऱ्याचा खरा शत्रू तिथे आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, पण ते रुंदीत. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. त्यामुळे पट्टीची रुंदी वाढली की पंचेचाळीस अंशांचा काप पंचेचाळीसचा राहत नाही. पावसाळ्यात फुगलेल्या चौकटीचा सांधा बाहेरच्या टोकाला उघडतो, कोरड्या दिवसांत आकसलेल्या चौकटीचा आतल्या टोकाला. पट्टी जितकी रुंद तितकी ही हालचाल जास्त. मुंबई-कोकणात जुलैमध्ये जोडलेली रुंद चौकट नागपूरला नेऊन एप्रिलमध्ये पाहा, आतल्या कोपऱ्यात नखाची कड शिरेल. यावर जादूचा उपाय नाही. वाळलेले लाकूड घेणे, ते आपल्या जागेत काही आठवडे ठेवून मगच कापणे, रुंद चौकटीच्या कोपऱ्यांना मागून लाकडाची जीभ किंवा पाचर देणे, आणि अस्तराखाली कापड चिकटवणे, एवढेच आपल्या हातात आहे.

ते कापड फार जुने आहे. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने इसवी सन १४०० च्या सुमारास चित्रकामाची एक हस्तपुस्तिका लिहिली. लाकडी फळ्यावर आणि त्याला जोडलेल्या चौकटीवर आधी सरस द्यायचा, मग सरसात भिजवलेल्या जुन्या लिनन कापडाच्या पट्ट्या अंथरायच्या, त्यावर जिप्समचे जाड अस्तर, त्यावर बारीक अस्तर, असा क्रम त्याने सविस्तर सांगितला आहे. बारीक अस्तराचे जिप्सम महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायचे, म्हणजे त्याची धग जाते आणि ते रेशमासारखे मऊ होते. त्या काळी चित्र आणि चौकट वेगळी नसायची. एकाच सुताराने फळा आणि चौकट एकत्र केलेली असे आणि एकाच कार्यशाळेत दोन्हींवर एकच अस्तर, एकच सोने चढत असे.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत जी चित्रशैली वाढली, तिची बांधणी हीच आहे. फणसाच्या लाकडाचा फळा, त्यावर चिकटवलेले कापड, त्यावर खडू आणि चिकाचे अस्तर, मग त्याच लगद्याने उठाव दिलेले दागिने, खांब, महिरपी, त्यांत बसवलेले काचेचे तुकडे आणि वरून सोन्याचा वर्ख. व्यंकोजीराजांपासून सरफोजीराजांपर्यंतच्या दरबाराने या चित्रांना आश्रय दिला आणि ती चित्रे आजही जड सागवानी चौकटींत पाहायला मिळतात. इटलीतला कारागीर आणि तंजावरचा कारागीर एकमेकांना कधी भेटले नाहीत. लाकूड हलते, खडू हलत नाही, त्यामुळे मध्ये कापड हवे, हे दोघांनी आपापल्या लाकडाकडून शिकून घेतले. तंजावरच्या चित्राची एखादी जुनी, कडेला फुटलेली पाटी पाहण्याचा योग आला तर फुटलेल्या जागी डोळा लावून बघा. हे सगळे थर एकाखाली एक दिसतात, आणि अस्तर म्हणजे काय हे दहा पाने वाचून कळत नाही इतके तिथे कळते.

चौकट चित्रापासून सुटी झाली ती हळूहळू. सतराव्या शतकातल्या डच घरांत काळ्या, लहरी कंगोऱ्यांच्या चौकटी आल्या; खरे आबनूस महाग म्हणून नासपतीचे लाकूड काळे रंगवून तिथे वापरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांच्या लगद्याचे साच्यातून काढलेले नक्षीकाम चौकटींवर चिकटवू लागले आणि कोरीवकाम करणाऱ्यांची गरज कमी झाली. एकोणिसाव्या शतकात यंत्रांनी लांबच लांब पट्ट्या निघू लागल्या. जर्मनीत तर चांदीच्या वर्खावर पिवळे वार्निश देऊन सोनेरी दिसणाऱ्या पट्ट्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. आजची तयार पट्टी त्या पट्ट्यांची वारसदार आहे. स्वस्ताई आली, आणि ती वाईट नव्हती. सामान्य घरातही चित्र भिंतीवर लागू शकले ते तिच्यामुळे. पण कोपऱ्यातली तिरपी रेघही तेव्हाच आली.

आणि या तयार पट्टीविरुद्ध पहिले बंडही तेव्हाच झाले. इंग्लंडमध्ये फोर्ड मॅडॉक्स ब्राउन आणि दान्ते गॅब्रिएल रोझेट्टी या चित्रकारांनी १८६० च्या आसपास आपल्या चौकटी स्वतः आखायला सुरुवात केली. त्यांनी केलेली एक गोष्ट मला आजही धाडसी वाटते: ओकच्या लाकडावर खडूचे अस्तर न देता थेट सोने चढवले. सोन्यातून ओकच्या उभ्या रेषा दिसू लागल्या. चार्ल्स ईस्टलेकने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या घरसजावटीवरच्या पुस्तकात या पद्धतीची शिफारस केली. लाकूड झाकायचे कशाला, हा त्यामागचा विचार. पुढे पॅरिसच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी सोनेच नाकारले आणि पांढऱ्या, रंगीत चौकटी लावून प्रदर्शने भरवली. व्हिन्सेंट व्हान गॉगचे १८८७ सालचे फळांचे एक चित्र अ‍ॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. लिंबे, नासपती, द्राक्षे, सगळे पिवळ्या रंगात. त्याच्या साध्या सपाट लाकडी चौकटीवर व्हान गॉगने स्वतःच्या कुंचल्याने तोच पिवळा रंग फिरवला आहे, चित्र चौकटीवर वाहून आले आहे असे वाटते. कोऱ्या लाकडावर चित्रकाराचा हात म्हणजे काय, याचे याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

महाराष्ट्रात चौकटीची गरज घराघरांत पोचली ती छापील चित्रांमुळे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती भिंतीवर आल्या आणि त्यांच्याबरोबर काच, खाच आणि पट्टी आली. अनेक घरांत बायकांनी त्या छापील देवींना जर, टिकल्या, कापड चिकटवून सजवले. म्हणजे चित्राला हाताने काही जोडण्याची हौस आपल्यात भरपूर होती. चौकटीच्या बाबतीत मात्र ती हौस वाढली नाही, कारण आपल्याकडे दोन धंदे वेगळे राहिले. फ्रेमवाला कापणे आणि ठोकणे जाणतो. लाकडावर पॉलिश चढवणारा कारागीर फर्निचर, दारे आणि देव्हारे करतो. दोघांची दुकाने एकाच गल्लीत असतात आणि एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या उंबऱ्याशी थांबते. या पुस्तकाची धडपड त्या दोघांना एकत्र आणण्याची आहे.

सामान तर सगळे आपलेच आहे. जगभरचे उत्तम पॉलिश ज्या लाखेवर चालते ती लाख भारतात होते. पळस, बोर आणि कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, त्यांच्या अंगातून पाझरलेले राळेसारखे द्रव्य फांदीभर कवच धरते. ते खरवडून, धुऊन लाखदाणा होतो, आणि वितळवून, ताणून, पातळ पापुद्रे करून चपडा. जुन्या पद्धतीत लाखदाणा कापडाच्या लांब पिशवीत भरून कोळशाच्या आचेवर पिळत आणि गरम पत्रा हातापायांनी ताणत. झारखंड या उत्पादनात पुढे आहे, रांचीजवळ १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलातही लाख धरली जाते. हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि तोच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. आज दिलेला हात कालच्या हातात मुरतो, थर वेगळे राहत नाहीत, आणि पन्नास वर्षांनी ओरखडा पडला तर स्पिरिट लावलेला बोळा फिरवून तो बुजवता येतो. महाभारतातल्या लाक्षागृहामुळे लाख पेटते हे आपण सगळे जाणतो. ती सोन्याचांदीच्या वर्खाला शंभर वर्षे राखू शकते हे कमी जण जाणतात.

लाकडाबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, इथे थोडेच सांगतो. सागवान सुंदर आणि टिकाऊ, पण त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे जवसाचे तेल त्यावर सावकाश वाळते. आधी लाखेचा पातळ हात द्यावा. शिसव स्वतःच इतकी बोलते की तिला मेणापेक्षा जास्त काही देऊ नये. शिवण हलकी, स्थिर, फिक्या रंगाची. नवख्याने तिच्यापासून सुरुवात करावी. हेद पिवळसर, बारीक पोताचा, बारीक कंगोरे त्यात स्वच्छ उतरतात. पाइन स्वस्त, पण त्यावर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी शोषला जातो आणि गाठींतून राळ पाझरत राहते, तेव्हा तो अस्तराखाली झाकण्याच्या कामाचा.

आता घासणे. या कामातला हा सर्वांत कंटाळवाणा भाग आणि निर्णायकही हाच. यंत्रातून निघालेल्या पट्टीवर पात्याच्या फेऱ्यांच्या आडव्या, सूक्ष्म लाटा असतात. कोऱ्या लाकडावर त्या दिसत नाहीत. रंग लावला की एकदम उमटतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून खोलीत अंधार करून दिवा पट्टीला आडवा, अगदी टेकवून धरावा. लाटा सावलीत दिसतात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, मग २२०. नेहमी रेषांच्या दिशेने. कंगोऱ्यांवर बोटाने पेपर दाबून घासू नये, त्याने कडा गोल होतात आणि पट्टीची सगळी ठेवण विरते. त्याच पट्टीच्या एका तुकड्यावर प्लॅस्टिक अंथरून लांबी दाबावी, वाळली की तिचा उलटा ठोकळा मिळतो, त्यावर पेपर चिकटवून घासावे. कड तशीच धारदार राहते. शेवटी ओल्या फडक्याने पट्टी पुसावी, वाळू द्यावी. लाकडाचे बारीक केस उभे राहतात, ते वापरलेल्या ३२० च्या पेपरने हलकेच काढावेत. हे न करता पाण्यात कालवलेला रंग लावला तर सगळी चौकट खरखरीत होते.

कोपरा जोडताना फेव्हिकॉल बाहेर येतो, येऊ द्यावा, कारण तो आला म्हणजे सांध्यात पुरेसा आहे. पण तो तिथल्या तिथे गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने, दोनदा पाणी बदलून, पुसला पाहिजे. वाळलेला फेव्हिकॉल डोळ्यांना दिसत नाही, तरी लाकडाची छिद्रे बुजवतो, आणि त्यावर रंग धरत नाही. कोपऱ्याभोवती फिकट डाग राहतो. फ्रेमवाल्यांच्या कामात मी हा दोष सर्वाधिक पाहिला आहे. दुसरा दोष घासण्याचा. सांध्यावर दोन पट्ट्यांच्या रेषा काटकोनात भेटतात. एकीच्या दिशेने घासताना पेपर दुसरीवर गेला की आडवे ओरखडे पडतात. सांध्याच्या रेघेवर चिकटपट्टी लावून एक बाजू पूर्ण करावी, मग ती काढून दुसऱ्या बाजूला लावावी. सांध्यात एक पट्टी किंचित वर राहिली असेल तर पटाशीने ती उतरवून मगच पेपर हातात घ्यावा.

रंग आणण्याच्या अनेक रीती पुस्तकात दिल्या आहेत. त्यांतली माझी सर्वांत आवडती हिरड्याची. सह्याद्रीत, विशेषतः जुन्नर, आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात, आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. हिरडा कुटून पाण्यात उकळावा, गाळावा आणि ते पाणी कोऱ्या लाकडावर लावून वाळू द्यावे. दुसऱ्या भांड्यात लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवलेला असावा. ते पाणी गाळून ब्रशने हिरड्यावर फिरवले की लाकूड डोळ्यांदेखत राखाडी, मग निळसर काळे होत जाते. टॅनिन आणि लोखंड यांची हीच क्रिया जुन्या शाईत आणि कापडाच्या काळ्या रंगात असे. या काळ्याला खोली असते, कारण रंग लाकडावर बसलेला नसतो, लाकडाच्या आत तयार झालेला असतो. रेषा त्यातून स्वच्छ दिसतात. सागवान, बाभूळ अशा लाकडांत मूळचेच टॅनिन कमीअधिक असते, तेव्हा प्रत्येक लाकडावर छटा वेगळी येते. म्हणून त्याच पट्टीच्या तुकड्यावर आधी करून पाहिल्याशिवाय चौकटीला हात लावू नये.

वर संरक्षण म्हणून लाख, तेल किंवा मेण. एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर ग्रॅम चपडा, इतके पातळ द्रावण चौकटीला पुरते. दाट द्रावणाचा एक हात देण्यापेक्षा पातळाचे चार हात द्यावेत. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता. थांबला की डाग. पावसाळ्यात मात्र लाखेला हात लावताना विचार करावा. हवेतली ओल उडणाऱ्या स्पिरिटबरोबर थंड होऊन थरात अडकते आणि पॉलिशवर पांढुरके धुके धरते. जुने कारागीर म्हणूनच जून ते सप्टेंबर पॉलिशची कामे टाळत किंवा खोलीत शेगडी ठेवून करत. आज आपल्याला ओल शोषणारे यंत्र लावता येते, पण ऊन पडलेला दिवस पाहून काम काढणे याहून स्वस्त आणि खात्रीचे काही नाही.

देवाच्या तसबिरींचा विचार मला वेगळा करावासा वाटतो, कारण मराठी घरातल्या चौकटींत त्यांची संख्या मोठी आणि त्यांचे जगणे सर्वांत खडतर. रोज हार, हाराच्या फुलांची ओल, निरांजनाची धग, उदबत्तीचा धूर, वरच्या कडेला लावलेले हळदीकुंकू. नुसत्या लाखेचा थर या ओलीने पांढरा पडतो, नुसत्या मेणावर हळदीचा डाग बसतो. इथे जवसाच्या तेलाचे तीन-चार हात, प्रत्येकाला पुरेसे वाळू देऊन, आणि वरून मेण, असा क्रम चांगला. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत मेणाचा एक हात नव्याने द्यावा. वरच्या पट्टीला हार अडकवण्यासाठी खिळा ठोकायचाच असेल तर तो रंगकाम होण्याआधी ठोकून, काढून, भोक तयार ठेवावे. रंगवल्यानंतर ठोकलेल्या खिळ्याभोवती थर तडकतो आणि ओल आत शिरायला वाट मिळते.

सोन्याच्या कामाला पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा दिला आहे. आधी अस्तर: एक भाग सरस, दहा-बारा भाग पाणी, रात्रभर भिजवून, न उकळता गरम केलेला. त्यात खडूची पूड सोडत जावी, ढवळू नये, हवेचे बुडबुडे शिरतात आणि पुढे अस्तरात टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. पातळ सायीइतके दाट झाले की कोमट असतानाच आठ-दहा हात द्यावेत. त्यावर लाल, पिवळ्या किंवा काळ्या मऊ मातीचा थर, त्यावर पाणी लावून वर्ख, आणि तो सुकत आला की अकीकाच्या दगडाने घोटणे. सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो, तेव्हा खालच्या मातीचा रंग त्यातून बोलतोच. लाल मातीवर सोने उबदार, काळीवर थंड आणि करडे. चित्रातल्या सावल्या कोणत्या रंगाच्या आहेत ते पाहून माती निवडावी. पितळी वर्ख वापरायचा तर त्यावर लाखेचा हात अनिवार्य, नाहीतर तो वर्षभरात काळवंडतो.

माझे एक ठाम मत इथे नोंदवून ठेवतो. आपल्याकडे पॉलिश चांगले झाले म्हणजे त्यात तोंड दिसले पाहिजे, अशी समजूत आहे. जेवणाच्या टेबलासाठी ती ठीक असेल. चित्राच्या चौकटीवर चकाकी म्हणजे चित्रावर अन्याय आहे. खिडकीतला उजेड, पंख्याची सावली, खोलीत फिरणारी माणसे चौकटीत दिसत राहतात आणि डोळा चित्रावर ठरत नाही. शेवटचा हात वाळल्यावर अगदी बारीक स्टील वूल मेणात बुडवून हलकेच फिरवावे, म्हणजे चकाकी मंद होते आणि रंगाची खोली तशीच राहते. मेलामाइन किंवा पीयूचा फवारा मारलेली चौकट टिकाऊ असते हे मान्य, पण ती एकदा ओरखडली की सगळा थर उतरवण्यावाचून इलाज नसतो. हाताने केलेले काम जर हातानेच दुरुस्त करता येणार नसेल, तर ते निम्मेच केले असे मी म्हणेन.

चित्राच्या जिवाची काळजीही चौकट करणाऱ्यानेच घ्यायची. ताजे तेल, ताजी लाख कितीतरी दिवस वाफा सोडत राहते. चौकट रंगवून झाल्यावर दोन-तीन आठवडे उघडी ठेवल्याशिवाय तिच्यात जलरंग किंवा जुना फोटो बसवू नये. कोऱ्या लाकडातही आम्ल असते, ओकमध्ये विशेष. कागद खाचेतल्या लाकडाला चिकटून राहिला की कडेने पिवळा पडतो. खाचेत आतून लाखेचे दोन हात देऊन वर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. तेवढ्याने आजोबांच्या फोटोचे आयुष्य खूप वाढते.

आणि कारागिराच्या जिवाची काळजी. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. चांगला मास्क ही चैन नव्हे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडते आणि असा बोळा ठिणगी न लागता आपोआप पेटू शकतो. फडकी पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

हे पुस्तक फ्रेमवाल्यांसाठी आहे, पॉलिशवाल्यांसाठी आहे आणि आपल्या चित्राची चौकट स्वतः करू पाहणाऱ्या चित्रकारांसाठीही. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, पण घासण्याचे प्रकरण कोणी वगळू नये. पहिली चौकट मोठी करू नका, वीतभर चित्राची करा, शिवणीच्या अरुंद पट्टीत, मेणाच्या साध्या हाताने. दुसरी हिरड्याची. सोने सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक चौकट पूर्ण झाली की तिच्या मागच्या बाजूला लिहा: लाकूड कोणते, अस्तर कशाचे, रंग कशाने आणला, वर काय लावले आणि वर्ष कोणते. उद्या दुसऱ्या कोणाला ती दुरुस्त करायची असेल तर त्याला स्पिरिट लावावे की टर्पेंटाइन हे त्या ओळीवरून कळेल. पेन्सिलीनेच लिहा, पेनची शाई पाझरते.